डॉक्युमेंट रेंडरिंग इंजिनाला प्लगइन जोडायचे असतील तर एपीआय कसा आखावा?

प्रश्न थोडक्यात असा. (प्लगइन म्हणजे बाहेरून जोडलेला कोड, एपीआय म्हणजे त्याने इंजिनाशी बोलायचे ठरलेले नियम.) एक रेंडरिंग लायब्ररी तयार आहे. मजकूर, तक्ते, चित्रं असलेलं डॉक्युमेंट घेऊन ती पीडीएफ आणि एचटीएमएल काढते. आता बाहेरच्या प्रोग्रामरना तिच्यात स्वतःचे ब्लॉक घालता यावेत, म्हणजे आकृत्या, गणिती सूत्रं, बारकोड वगैरे. नवा आउटपुट फॉरमॅट जोडता यावा, आणि जमल्यास पानाची मांडणीही बदलता यावी. सध्याचा बेत असा की आतले क्लास खुले करायचे आणि ज्याला जे हवं त्याने इनहेरिट करून ‘रेंडर’ ही मेथड ओव्हरराइड करायची, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहायची. एवढं पुरेल का?

पहिल्या आवृत्तीपुरतं पुरेल. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मात्र स्वतःच्याच इंजिनात काही हलवायची सोय उरणार नाही. फायरफॉक्सचं असंच झालं. त्याचे जुने ॲड-ऑन थेट ब्राउझरच्या आतल्या वस्तूंना हात घालत. त्यामुळे त्यांना जवळजवळ काहीही करता येई, आणि ब्राउझर अनेक प्रोसेसमध्ये विभागायची वेळ आली तेव्हा तेच आड आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीचे ॲड-ऑन एका फटक्यात बंद झाले.

‘आतलं उघडं टाकू नका’ हा सल्ला कुठल्याही लायब्ररीला लागू पडतो, त्यात नवीन काही नाही. रेंडरिंग इंजिनाची अडचण मात्र त्याहून वेगळी आहे आणि एपीआय आखताना बहुतेकांच्या ती उशिरा लक्षात येते: प्लगइनचा कोड नेमका किती वेळा चालणार, हे कुणालाच आधी सांगता येत नाही.

अनुक्रमणिकेत पान क्रमांक छापायचे तर आधी सगळी पानं मांडावी लागतात. क्रमांक कळल्यावर अनुक्रमणिका एका ओळीने वाढली तर पुढची पानं सरकतात आणि क्रमांक पुन्हा चुकतात. लाटेक हा मजकूर छपाईसाठी मांडणारा प्रोग्राम हे क्रमांक ऑक्स नावाच्या जोडफाइलमध्ये लिहून ठेवतो आणि स्वतःला पुन्हा चालवायला सांगतो. त्याच कामाचं टाइपस्ट स्वतःच फेऱ्या मारतं आणि पाच फेऱ्यांतही मांडणी स्थिरावली नाही तर इशारा देऊन थांबतं. तक्त्यातल्या स्तंभांची रुंदी मजकुरावरून ठरवायची असेल तर प्रत्येक कप्प्याला आधी ‘कमीत कमी किती रुंदीत भागेल’ आणि ‘मोकळं सोडलं तर किती घेशील’ हे दोन प्रश्न विचारायचे, आणि मग ठरलेली रुंदी देऊन उंची विचारायची. तळटीप तर त्याहून हट्टी. ती पानाच्या तळाशी जागा खाते, त्यामुळे जिच्यात तिची खूण आहे ती ओळच पुढच्या पानावर जाते, ओळीबरोबर टीपही जाते, आणि आता आधीच्या पानावर तीच ओळ मावण्याइतकी जागा मोकळी झालेली असते.

या सगळ्या गदारोळात प्लगइनचा ब्लॉक कधी चार वेगवेगळ्या रुंदींना मोजला जाईल, कधी पानाच्या शेवटी ठेवून बघितला आणि काढून टाकला जाईल, कधी कॅशमधून (आधी काढून ठेवलेल्या उत्तरांच्या साठ्यातून) उचलला जाईल आणि त्याचं फंक्शन चालणारच नाही. त्या फंक्शनमध्ये कुणी ‘आकृतीचा क्रमांक एकने वाढव’ असं लिहिलं असेल तर छापील पानावर आकृती ३ नंतर आकृती ९ येईल. आणि ओव्हरराइड केलेली ‘रेंडर’ मेथड मोजणं आणि काढणं ही दोन्ही कामं एकाच दमात करत असेल, तर इंजिनाला एकाशिवाय दुसरं विचारताच येत नाही.

म्हणून माझ्या मते सगळा एपीआय एकाच वाटणीवर उभा राहतो: प्लगइनने माहिती द्यायची; कधी, कुठे आणि किती वेळा, हे इंजिनाने ठरवायचं. पुढचं सगळं या वाटणीतून निघतं.

दारं तीन पुरतात

डॉक्युमेंटचा प्रवास साधारण असा: स्रोत वाचून नोडचं झाड (शीर्षक, परिच्छेद, तक्ता असे घटक एकात एक) तयार होतं, त्याला स्टाइल लागते, मांडणी होते, जागा ठरलेल्या पेट्या मिळतात, आणि शेवटी त्या कुठल्या तरी बॅकएंडवर, म्हणजे पीडीएफ किंवा एचटीएमएल लिहिणाऱ्या भागावर, काढल्या जातात. प्रत्येक टप्प्याच्या आधी आणि नंतर हुक (प्लगइनचा कोड अडकवायची जागा) ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. प्रत्येक हुक हे ‘हा टप्पा याच जागी, याच क्रमाने कायम राहील’ असं वचन असतं. तीन दारं उघडा: झाडावर, पेटीवर आणि बॅकएंडवर.

झाडाचं दार सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपेक्षित. डॉक्युमेंट एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणाऱ्या पॅनडॉकने हे छान दाखवून दिलं आहे. त्याचा फिल्टर म्हणजे झाड आत घेणारा आणि झाडच बाहेर देणारा प्रोग्राम, बस. जेसन (माहिती साध्या मजकुरात लिहायची पद्धत) वाचता-लिहिता येणाऱ्या कुठल्याही भाषेत तो लिहिता येतो, आणि त्या जेसनमध्ये एपीआयच्या आवृत्तीचा आकडाही असतो. २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून लुआ भाषेतले फिल्टर इंजिनाच्या आतच चालतात, पण करार तोच राहिला. दुसरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे डिव्ह आणि स्पॅन हे दोन नोड. त्यांना स्वतःचा काही अर्थ नाही. फक्त आयडी, क्लासची नावं आणि मनाला येतील त्या की-व्हॅल्यू जोड्या वाहून नेणं हे त्यांचं काम. नवीन कल्पना आली की नवा नोड प्रकार काढण्याआधी लोक या दोघांवर भागवून बघतात, आणि बऱ्याचदा भागतंही.

तुमच्याकडे ‘प्लगइन हवा’ म्हणून येणाऱ्या बहुतेक मागण्या इथेच मिटतील: कोडला ओळींचे क्रमांक, शब्दसूची, संदर्भांची जोडणी, मजकुरात लिहिलेल्या आकृतीच्या वर्णनातून चित्र बनवणं. आकृत्यांचे क्रमांकही इथलेच. प्लगइनने ‘मला आकृती नावाच्या गणकातला पुढचा क्रमांक हवा’ असं नोडवर नोंदवायचं आणि क्रमांक इंजिनाने भरायचा. मोजणीच्या फंक्शनमध्ये गणकाला हात लावायची सोयच ठेवू नये.

या दाराची एक अट आहे. प्रत्येक नोडने स्वतःचा मूळ फाइलमधला ठावठिकाणा, म्हणजे फाइल, ओळ, स्तंभ, जवळ बाळगला पाहिजे आणि फिल्टरमधून जातानाही तो टिकला पाहिजे. नाहीतर तीन फिल्टरनंतर ‘ब्लॉक मावत नाही’ असा एरर येतो आणि कुठला ब्लॉक हे कुणालाच कळत नाही.

पेटीचा करार

खरा कस दुसऱ्या दाराशी लागतो. इथे काय विचारायचं याचा एक चांगला नमुना विंडोजच्या डायरेक्टराइट या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीत आहे. ओळीत मधेच एखादी परकी वस्तू बसवायची असेल तर ती वस्तू एक छोटा इंटरफेस पुरवते. त्यात चारच मेथड आहेत. आकारमान किती, त्या आकाराबाहेर शाई किती जाते, तुझ्या आधी आणि नंतर ओळ तोडलेली चालेल का, आणि स्वतःला काढ.

पहिल्या उत्तरात रुंदी आणि उंचीबरोबर बेसलाइनही (अक्षरं ज्या रेषेवर बसतात ती) येते. ती विसरली की सूत्र लिहिणारा प्लगइन सूत्राच्या खाली पोकळ जागा भरून ते वर ढकलू लागतो, आणि फाँट बदलला की सगळं वाकडं दिसतं. दुसरा प्रश्न फालतू वाटतो, पण तिरप्या अक्षराचं टोक किंवा जाड रेषेची कड पेटीबाहेर जातेच. इंजिनाला ते माहीत नसेल तर पडद्याचा तेवढाच भाग पुन्हा रंगवताना ती कड कापली जाते. तिसऱ्या प्रश्नामुळे ‘हा चौकोन आणि त्यानंतरचा स्वल्पविराम वेगळे करू नको’ असं सांगता येतं.

पानांच्या डॉक्युमेंटला आणखी दोन प्रश्न लागतात. एक, वर तक्त्याच्या बाबतीत सांगितलेली किमान आणि मोकळी रुंदी. दुसरा, तुटण्याचा: ‘या पानावर एवढी उंची शिल्लक आहे. यात तुझा किती भाग मावतो आणि उरलेला कुठून सुरू होतो?’ याच्या उत्तरात दोन गोष्टी याव्यात, मावलेला तुकडा आणि पुढे चालू करण्यासाठी एक टोकन. टोकनच्या आत काय आहे ते इंजिन बघत नाही, पुढच्या पानावर ते जसंच्या तसं परत देतं. क्रोमच्या नव्या लेआउट इंजिनाची, लेआउट-एनजीची, रचना हीच आहे. नोड, मर्यादा आणि ब्रेक टोकन आत जातात, न बदलणारा तुकडा बाहेर येतो, आणि झाडावर काहीही परत लिहिलं जात नाही. परत लिहिलं जात नाही म्हणूनच तो तुकडा कॅशमध्ये निर्धास्त ठेवता येतो.

ज्याला तुटायचंच नाही अशा बारकोडने ‘मी अखंड आहे’ एवढं म्हटलं की पुरे. हेच गृहीत उत्तर ठेवा. म्हणजे साध्या प्लगइनच्या लेखकाला टोकनची भानगड ठाऊकही असायची गरज नाही.

मर्यादा आत देताना रुंदीचा नुसता आकडा देऊ नका, एक ऑब्जेक्ट द्या. आज त्यात रुंदी आणि उरलेली उंची असेल. उद्या लिखाणाची दिशा लागेल, परवा बेसलाइनचा ग्रिड. फंक्शनला सातवा पॅरामीटर जोडण्यापेक्षा ऑब्जेक्टला नवं फील्ड जोडणं केव्हाही बरं.

एककांबद्दल मी हट्टी आहे. मांडणीचे आकडे फ्लोटमध्ये (दशांशाच्या अंदाजे आकड्यांत) ठेवू नयेत. लाटेक ज्यावर उभं आहे ते टेक सगळी लांबी पॉइंटच्या ६५,५३६व्या भागात, पूर्णांकात मोजतं. क्रोम पिक्सेलच्या ६४व्या भागात. कारण सोपं आहे. फ्लोटची बेरीज कुठल्या क्रमाने केली यावर शेवटचा अंक बदलतो, आणि ‘मावलं की नाही’ हा निर्णय त्या शेवटच्या अंकावर अडकला की एकच परिच्छेद पहिल्या फेरीत मावतो, दुसऱ्या फेरीत मावत नाही, आणि मांडणी कधी स्थिरावतच नाही. लांबीला स्वतंत्र टाइप द्या. शिवाय टेकचा पॉइंट इंचाला ७२.२७ असतो आणि पीडीएफचा ७२. नुसता ‘पॉइंट’ म्हणून आकडा स्वीकारणारा एपीआय हा फरक चुपचाप गिळतो.

मजकूर मोजण्याचं काम प्लगइनला स्वतःचं स्वतः करू देऊ नका. ‘या अक्षराची रुंदी किती’ असं फंक्शन एपीआयमध्ये असताच कामा नये. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी मेमरीत व्यंजनानंतर येते आणि दिसते आधी. ‘र्क’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. एक कॅरेक्टर म्हणजे एक आकृती हे समीकरण अरबीतही मोडतं आणि लॅटिनमधल्या जोडाक्षरांतही. म्हणून आख्खी स्ट्रिंग, फाँट आणि भाषा घेऊन आकार दिलेला मजकूर परत करणारी सेवा पुरवा. हार्फबझ ही लायब्ररी देते तसं: कुठली ग्लिफ (फाँटमधली आकृती), किती पुढे सरकायचं, किती हलवायचं, आणि कुठली ग्लिफ मूळ मजकुराच्या कुठल्या क्लस्टरची (एकत्र दिसणाऱ्या अक्षरांच्या गटाची). तो क्लस्टरचा आकडा झाकून ठेवू नका. कर्सर, शोध आणि कॉपी-पेस्ट त्याच्यावर चालतात.

ओळी तोडण्याचं काय? ‘प्रत्येक ओळीसाठी कॉलबॅक द्या’ ही मागणी हमखास येते. ती मान्य केलीत की तुमचं इंजिन जन्मभर ओळीमागून ओळ तोडणारं राहील. कनुथ आणि प्लास यांची १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आख्खा परिच्छेद एकदम बघते. शेवटची ओळ फार ताणली जात असेल तर ती पहिली ओळही वेगळ्या जागी तोडते. ओळीगणिक कॉलबॅक दिला की ही पद्धत वापरण्याची दारं बंद. त्याऐवजी दोन गोष्टी द्या. कुठल्याही जागी तोडण्याचा दंड कमीजास्त करता यावा, आणि ज्याला त्याहून जास्त हवं त्याला पूर्ण परिच्छेदाचं अल्गोरिदमच बदलता यावं. लुआटेक या टेकच्या नव्या रूपातला ओळी तोडण्याचा कॉलबॅक असाच आहे. त्याच्या हाती परिच्छेदाची सगळी यादी पडते.

बॅकएंड, आणि मधला गुणाकार

दहा प्रकारचे नोड आणि पाच आउटपुट असले की पन्नास फंक्शनं लागतात, हा जुना तिढा. दस्तऐवजीकरण तयार करणाऱ्या स्फिंक्समध्ये नवा नोड नोंदवताना प्रत्येक आउटपुटसाठी ‘नोडमध्ये शिरताना’ आणि ‘नोडमधून निघताना’ अशी फंक्शनांची जोडी द्यावी लागते. प्लगइनच्या लेखकाने एचटीएमएल आणि लाटेकची जोडी दिली आणि कुणी मॅन-पेज (युनिक्समधलं मदतीचं पान) काढायला गेलं की ‘अनोळखी नोड’ म्हणून काम थांबतं. चूक ना त्या लेखकाची ना वापरणाऱ्याची. करारातच भोक आहे.

माझा नियम: पर्याय दिल्याशिवाय नवा नोड नोंदवताच येऊ नये. पर्याय म्हणजे ‘मला कुणी ओळखत नसेल तर माझ्या जागी ही ओळखीच्या नोडची रचना वापरा’. आकृतीचा पर्याय चित्र, चित्राचा पर्याय वर्णनाचा परिच्छेद. मग एखाद्या आउटपुटसाठी खास फंक्शन लिहिणं ही सुधारणा ठरते, गरज नाही. चित्रांच्या पातळीवर कैरो लायब्ररी हेच करते. पीडीएफमध्ये थेट मांडता न येणारी क्रिया आली तर तेवढाच भाग ती बिटमॅप करून बसवते आणि बाकीचं पान व्हेक्टरच ठेवते.

बॅकएंडला मात्र नुसत्या रेषा आणि ग्लिफ देऊन भागत नाही. पीडीएफ छापून कागद हातात घेण्यापुरतं असतं तर भागलं असतं. पण दृष्टिहीन वाचकांच्या स्क्रीन रीडरला शीर्षक कुठे सुरू झालं, तक्त्याची ओळ कुठली, हे कळावं लागतं. त्यासाठीचं पीडीएफ/यूए हे आयएसओ मानक २०१२ पासून आहे. म्हणून चित्रण-आदेशांच्या प्रवाहात ‘इथून शीर्षक सुरू, इथे संपलं’ अशा खुणा पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि ग्लिफच्या गटाबरोबर मूळ मजकूरही जाऊ द्या. पीडीएफमध्ये त्यासाठी ‘ॲक्च्युअल-टेक्स्ट’ नावाची जागाच आहे. ज्या बॅकएंडला हे नको तो दुर्लक्ष करेल. नंतर या खुणा घुसवायच्या म्हटलं तर प्रत्येक प्लगइन पुन्हा लिहावा लागतो.

आणि एक चोरवाट ठेवाच. ‘हा मजकूर न बघता थेट आउटपुटमध्ये टाक’ ही सोय नसेल तर लोक त्याहून वाईट युक्त्या शोधतात. टेकमध्ये यासाठी ‘स्पेशल’ ही आज्ञा आहे. तिच्यातली स्ट्रिंग डीव्हीआय या टेकच्या आउटपुट फाइलमधून जशीच्या तशी प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे जाते. पण ती कुठल्या ड्रायव्हरसाठी आहे हे लिहायची सक्तीची जागा नव्हती. प्रत्येक ड्रायव्हरने आपली बोली काढली आणि डॉक्युमेंटं त्या त्या ड्रायव्हरला बांधली गेली. पॅनडॉकच्या कच्च्या ब्लॉकवर फॉरमॅटचं नाव लिहावंच लागतं, आणि तो फॉरमॅट न समजणारा आउटपुट ब्लॉक वगळून पुढे जातो. फरक एका लेबलाचाच आहे.

खोटं बोलता येऊ नये अशी सोय

मोजणीचं फंक्शन शुद्ध असावं, म्हणजे तेच इनपुट दिलं की तेच उत्तर, इकडेतिकडे काही न बदलता, हे दस्तऐवजीकरणात लिहून भागत नाही. ते कुणी वाचत नाही. सीएसएस या वेबपानांच्या स्टाइल-भाषेच्या पेंट एपीआयने यावर झकास तोडगा काढला. ब्राउझरने किमान दोन वेगळे ग्लोबल स्कोप (ग्लोबल व्हेरिएबलचे एकमेकांपासून अलग संच) ठेवावेत आणि प्लगइनचा कोड त्यांपैकी कुठल्याही एकात चालवावा, अशी अटच मानकात घातली. ग्लोबल व्हेरिएबलमध्ये काही जपून ठेवणारा लेखक पहिल्याच दिवशी तोंडघशी पडतो, वर्षभराने नव्हे. तुमच्या इंजिनातही डेव्हलपमेंट मोड ठेवा: प्रत्येक मोजणी दोनदा करायची, क्रम उलटसुलट करायचा, अधूनमधून कॅश फेकून द्यायची, आणि उत्तर वेगळं आलं तर प्लगइनचं नाव घेऊन ओरडायचं.

त्याच एपीआयची दुसरी चांगली सवय म्हणजे कुठल्या सीएसएस गुणधर्मांवर आपण अवलंबून आहोत हे प्लगइन आधीच जाहीर करतो. त्यातला एखादा बदलला तरच पुन्हा काढायचं. तुमच्याकडेही फाँट, स्टाइल, बाहेरच्या फाइली, इतर नोड यांतलं काय वापरणार हे नोंदवून घ्या, आणि न नोंदवलेलं वाचायला गेला तर देऊ नका. फाइल वाचणंही इंजिनाच्या लोडरमधूनच. म्हणजे अवलंबित्व आपोआप कळतं आणि सुरक्षेचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेला अर्धा: प्लगइन कोण लोड करतं? डॉक्युमेंट की प्रोग्राम चालवणारा? डॉक्युमेंटला कधीही तो अधिकार देऊ नका. पानं छापण्यासाठीची पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण प्रोग्रामिंगची भाषा, त्यामुळे दिसायला निरुपद्रवी फाइल डिस्कपर्यंत पोहोचू शकते. ती चालवणाऱ्या घोस्टस्क्रिप्टने डिस्कवरच्या फाइलींना हात लागू नये म्हणून कुंपण बऱ्याच आधी बनवलं होतं, पण ते आपणहून लागू झालं २०१९ च्या ९.५० आवृत्तीत. टाइपस्टने प्लगइन वेबअसेम्ब्लीत ठेवले: बाइट आत, बाइट बाहेर, डिस्क नाही, नेटवर्क नाही. तुमच्या भाषेत तेवढा बंदोबस्त जमत नसेल तर निदान वेळेची मर्यादा घाला.

माहिती न देणाऱ्या प्लगइनबद्दल वाईटातलं वाईट धरून चाला. अनेक फाइली समांतर वाचणं आपल्याला सुरक्षित आहे असं स्फिंक्सच्या प्लगइनने सांगितलं नाही, तर स्फिंक्स ते नाही असंच समजतं आणि एकामागून एक वाचतं. हळू चाललं तर लोक तक्रार करतात आणि लेखक एक ओळ जोडतो. उलट गृहीत धरलं असतं तर कधीतरीच दिसणारे बग आले असते.

दोन प्लगइनांची एकमेकांशी गाठ पडेल त्याचाही विचार आत्ताच करा. लाटेकमध्ये ‘हायपररेफ (लिंक जोडणारं पॅकेज) शक्यतो शेवटी लोड करा’ हा सल्ला वर्षानुवर्षं तोंडी फिरला, कारण अनेक पॅकेज एकाच आज्ञेची व्याख्या आपापल्या परीने बदलत आणि शेवटी येणाऱ्याचं खरं ठरे. ऑक्टोबर २०२० च्या आवृत्तीत लाटेकमध्ये हुकांची रीतसर व्यवस्था आली. आता पॅकेज नावाच्या हुकमध्ये आपला कोड टाकतं आणि ‘मी अमक्याच्या आधी, तमक्याच्या नंतर’ असे नियम जाहीर करतं. नोंदणीच्या क्रमाला अर्थ देऊ नका. नावं आणि नियम घ्या, आणि नियमांचं चक्र झालं तर काम सुरू होण्याआधीच एरर द्या.

प्लगइन कोसळला तर? चारशे पानांचं काम एका बारकोडपायी टाकून देऊ नका. पेटीच्या जागी चौकट काढा, आत प्लगइनचं नाव आणि मूळ ओळ छापा, पुढे चला. आपोआप चालणाऱ्या बिल्डसाठी मात्र ‘पहिल्या एररला थांब’ असा पर्याय लागतोच.

बदलायचं कसं

लोक ज्याला हाक मारतात तो इंटरफेस आणि लोक जो स्वतः लिहितात तो इंटरफेस, या दोन्ही गोष्टी एपीआयच्याच, पण त्यांचं वय वेगळ्या गतीने वाढतं. पहिल्यात मेथड वाढवली तर कुणाचं काही मोडत नाही. दुसऱ्यात एक सक्तीची मेथड वाढवली की जगातले सगळे प्लगइन मोडतात. म्हणून पेटीचा आणि बॅकएंडचा करार छोटा ठेवा, प्रत्येक नव्या प्रश्नाला गृहीत उत्तर द्या, आणि इंजिनाच्या सेवा हव्या तेवढ्या मोठ्या होऊ द्या. डायरेक्टराइटमध्ये छापून झालेला इंटरफेस कधी बदलत नाहीत. नवी मेथड हवी असेल तर शेवटी आकडा लावून नवा इंटरफेस काढतात आणि ‘तुला हा येतो का’ असं ऑब्जेक्टलाच विचारतात. दिसायला ओबडधोबड, पण जुना कोड चालत राहतो.

आवृत्तीच्या आकड्यापेक्षा क्षमता विचारणं बरं. ‘इंजिन ३.२ आहे का’ यापेक्षा ‘उभ्या लिखाणाची सोय आहे का’ हा प्रश्न पाच वर्षांनीही खरा राहतो.

आणि रेंडररचं आउटपुट हेही एपीआयच असतं, तुम्ही तसं म्हणा अथवा न म्हणा. पुरेसे वापरकर्ते झाले की दिसणाऱ्या प्रत्येक वागणुकीवर कुणीतरी विसंबलेलं असतंच. हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम इथे जास्तच जाचतो: ओळ तोडण्यातला एक बग दुरुस्त केला की कुणाच्या तरी पुस्तकाचं १४०वं पान १४१वं होतं आणि मागची सूची चुकते. टेकचे कर्ते कनुथ यांनी १९९० मध्ये टेक गोठवलं ते यासाठीच. त्यानंतर फक्त दोष काढले जातात आणि आवृत्तीचा आकडा पाय (π) या संख्येच्या किमतीकडे सरकत राहतो. वर्ड गोठवत नाही, ते डॉकएक्स फाइलमध्येच सुसंगततेचा आकडा साठवतं. १५ असेल तर वर्ड २०१३ च्या नियमांनी मांडणी. तुम्हीही डॉक्युमेंटमध्ये मांडणीच्या नियमांची आवृत्ती लिहा. प्लगइनच्या एपीआयची आवृत्ती वेगळी आणि ही वेगळी. दोन्ही एका आकड्यात कोंबू नका.

आता सुरुवात कुठून? ‘रेंडर’ मेथड फोडून मोजणं आणि काढणं वेगळं करा, हे पहिलं. मग इंजिनातलेच चित्र आणि तक्ता हे दोन प्रकार बाहेर काढून प्लगइन म्हणून पुन्हा लिहा, खासगी फंक्शनला हात न लावता. चित्र सहज होईल. तक्ता अडेल, आणि कुठे अडतो ते बघून करारातल्या उणिवा कळतील. बहुधा आत बसवलेल्या दुसऱ्या पेट्या मोजून घेण्याची सेवा आणि पानावरून पानावर शीर्षओळ पुन्हा छापण्याची सोय. हे होईपर्यंत एपीआयवर ‘प्रायोगिक’ अशी पाटी ठेवा.

तळटीपा मात्र पहिल्या आवृत्तीत प्लगइनसाठी उघडू नका, कुणी कितीही मागे लागलं तरी. त्यांना आपली पेटी सोडून पानाच्या दुसऱ्या भागात जागा मागता आली पाहिजे, म्हणजे पेटी आणि पान यांच्यात दुतर्फा बोलणी लागतात, आणि वरचा एकतर्फी करार तिथे पुरत नाही. आधी तुमच्याच इंजिनात तळटीपा, कडेच्या टिपा आणि तरंगणारी चित्रं या तिघांना एकच यंत्रणा जागा देऊ लागली, की मग त्या दाराचा आकार ठरवता येईल.